दाजींच्या दुधातली पावडर

माझ्या थोरल्या बहिणीचे नवरे, आमचे दाजी, नांदूरघाटचे. गावच्या राजकारणात मुरलेले. त्यांचा सगळा दिवस जीपमध्ये, नाहीतर ओसरीवरच्या बैठकीत जायचा. मागच्या हिवाळ्यात गुडघे धरले म्हणून ते केजला माझ्याकडे आले आणि मी त्यांना डॉक्टरांकडे नेलं.

रक्त तपासलं तर व्हिटॅमिन डी कमी. दाजींना तो अपमानच वाटला. "आपल्या बीडात ऊन कमी हाय म्हणता का डॉक्टर?"

"ऊन लई हाय दाजी," मी म्हणाले, "पण जीपच्या काळ्या काचातून ते तुमाला गाठणार कसं?"

डॉक्टरही हसले. त्यांनी वेदना कमी करायच्या गोळ्या दिल्या आणि पावडरीच्या पुड्या लिहून दिल्या. पुडी आठवड्याला एकच, दुधातून घ्यायची.

पुढे दाजी फोनवर गुडघ्यांचं कौतुक सांगू लागले. "लई गुण आला. निवडणुकीला पायी प्रचार करतो बघ." मी म्हणायची, "करा, पण मतदार पळून जातील."

मग एका सकाळी ताईचा फोन आला. "अगं, ह्यांला जेवण जाईना. उलट्या होतात, नुसतं पाणी पाणी करतात. काल मटणाला न्हाई म्हणाले."

दाजी मटणाला नाही म्हणाले, हे ऐकून मी पहिलीच एसटी पकडली. दाजी खाटेवर सुकून पडले होते. औषध काय चालू आहे विचारलं तर ताई म्हणाली, "तीच पावडर. रोज सकाळी न चुकता देते."

"रोज?"

"कावून ओरडतीस?" दाजी पडल्यापडल्या म्हणाले. "आठवड्याला एकीनं एवढा गुण, तर रोज घेतल्यावर किती यील? ताकदीचंच औषध हाय ते. दुकानदार ओळखीचा हाय, मागंल तेवढ्या पुड्या देतो."

जीपमध्ये घालून त्यांना केजला आणलं. रक्तातलं कॅल्शियम फार वाढलं होतं. डॉक्टर म्हणाले, पावडरीतलं व्हिटॅमिन डी अंगात साठून राहतं, जास्त झालं की कॅल्शियम वाढून मूत्रपिंडांवर येतं. दाजींना दवाखान्यात ठेवून सलाईन लावलं. ताई उशाशी बसून पुटपुटत होती, "मीच तर दुधात घालून द्यायची." त्या दिवसांत मला थट्टा सुचली नाही.

थोडक्यात निभावलं. मूत्रपिंडं वाचली, पावडर बंद झाली. निघताना दाजींनी विचारलं, "पण गुडघ्याला गुण तर आलता न्हवं?"

"काही पावडरीचा असेल, काही गोळ्यांचा. नक्की सांगता येत नाही," डॉक्टर म्हणाले. "झिजलेला गुडघा मात्र पुडीनं भरत नाही."

परवा मी नांदूरघाटला गेले होते, तेव्हा ताईची शेजारीण उरलेल्या पुड्या सासूसाठी मागायला आली. ताई काही बोलायच्या आत दाजीच म्हणाले, "आधी रक्त तपासा वहिनी. डॉक्टर सांगंल तेवढंच द्या. मी येडेपणा केला."

ताईनं माझ्याकडे पाहिलं. एवढ्या वर्षांच्या संसारात हे वाक्य तिनं पहिल्यांदाच ऐकलं होतं.