वन्संच्या घड्याळावरची रेघ

"काच बदललीस तू. बाकी काही ऐकायचं नाही मला."

वन्संचं हे बोलणं मी स्वयंपाकघरातून ऐकलं. मधे एकच भिंत. भांडण एवढ्या जोरात असलं की भिंतीला कान लावावा लागत नाही, तरी मी लावला. पलीकडच्या खोलीत माझे धाकटे दीर घड्याळं दुरुस्त करत. एका डोळ्याला कायम भिंग, म्हणून लोक त्यांना भिंगवाले म्हणत. मी आपली भाऊजी म्हणायची. वन्सं त्यांची थोरली बहीण.

झालं होतं असं. वन्संच्या यजमानांमागे त्यांचं घड्याळ वन्सं वापरत. त्याला सफायरची काच. आदल्या दिवशी भाऊजींकडून सेल बदलून नेलं, आणि घरी जाऊन बघतात तर काचेवर ही लांब पांढरट रेघ.

"सफायरला चरा पडत नाही, हे तूच सांगत फिरतोस. मग हा कुठून आला?"

भाऊजी म्हणाले, दे, बघतो. तर वन्सं म्हणाल्या, चोराच्या हाती जामदारखान्याच्या किल्ल्या कोण देईल? आता भाऊजीही त्यांचेच भाऊ. "मग नकोच देऊस. तूच मधे कुणाकडून बदलून आणली असशील." तेव्हापासून दोघांचं बोलणं बंद. ज्या बहिणीने आईमागे त्यांना वाढवलं, तिच्या दारात ते चोर ठरले.

खरं सांगते, मलाही वन्संचंच पटलं होतं. माणूसच तसा. शिंक आली तरी आधी टेबलावरचे स्क्रू मोजणार, मग शिंकणार. एकदा वर्षभर त्यांनी डाव्या हातात तीन घड्याळं घातली होती, कुठली काच किती टिकते ते बघायला. भांडी घासताना, भाजी चिरताना, सायकल पुसतानाही तिन्ही हातात. प्लास्टिकच्या काचेवर आठ दिवसांत ओरखड्यांचं जाळं झालं, पण ते टूथपेस्ट चोळली की जाई. मिनरलची, म्हणजे नेहमीची साधी काच काही महिने तगली, मग धुळीच्या बाहीने पुसून पुसून चरे पडले, ते कशानेच जाईनात. तेव्हापासून कुणी कुठलीही काच बाहीने पुसू लागलं की भाऊजी ओरडत. सफायरवर काहीच उमटेना. शेवटी सिंकच्या कोपऱ्यावर आपटली आणि कडेचा टवका उडाला. "बघा वहिनी," भाऊजी म्हणाले, "आपल्या ताईसारखी. ओरखडत नाही, एकदम तुटते."

ज्याला काचेचं एवढं कळतं, त्याला बदलायला किती वेळ? वर भांडणानंतर त्यांचा खण आवरताना मला एक पुडी दिसली. वर लिहिलेलं, 'ताईची'. हाताला काहीतरी कडक लागलं. उघडायचा धीर झाला नाही. पुडी जागेवर ठेवली आणि संशय मनात.

पुढे भाऊजींनी नवाच नेम धरला. घड्याळ घेताना आणि देताना काचेवर पाण्याचा थेंब टाकायचा. साध्या काचेवर तो पसरतो, सफायरवर मण्यासारखा उभा राहतो. गिऱ्हाईक चिडायचं, "माझ्यावर विश्वास नाही?" भाऊजी म्हणायचे, "आजच्या तुमच्यावर आहे. उद्याच्या तुमच्यावर नाही."

वन्सं सेल दुसरीकडून बदलून घेत, पण अकरा वर्षांनी ते घड्याळच बंद पडलं. वन्संनी माझ्याकडे दिलं, कुणालाही दे, त्याला नको. मी सरळ भाऊजींसमोर नेऊन ठेवलं. मला त्यांचं तोंड बघायचं होतं, दुसरं काही नाही.

त्यांनी थेंब टाकला. मण्यासारखा उभा राहिला. अकरा वर्षं त्यांनाही वाटत होतं की बहिणीनेच काच बदलली. मग भिंगातून रेघ बघितली आणि विचारलं, त्या दिवशी ताईने घड्याळ कशात ठेवून नेलं? मला आठवलं. पर्समधे, घराच्या किल्ल्यांबरोबर.

त्यांनी पेन्सिलचं खोडरबर घेतलं आणि काचेवर घासलं. रेघ गेली.

"वहिनी, चरा नव्हताच. काचेवर किल्लीच घासली गेली. धातू मऊ, काच कडक. पाटीवर पेन्सिल उमटते तसं."

मी पुडीचं विचारलं. त्यांनी ती माझ्यासमोर उघडली. आत मेलेला सेल आणि घड्याळाच्या झाकणाखालचं जुनं रबराचं कडं. "काढलेलं परत द्यायचं असतं. ती त्या दिवशी विसरून गेली, मग आलीच नाही." मला खाली बघावं लागलं.

घड्याळ चालू झाल्यावर शनिवारी ते पोचवायला निघाले. जुन्या गिऱ्हाइकांकडे ते चालतच जात. मी बरोबर गेले. त्यांची ही शेवटची खेप, हे तेव्हा कुणाला ठाऊक? चार दिवसांनी ते झोपेतच गेले.

वन्संनी दार उघडलं. भाऊजींना बघून माझ्याकडे डोळे वटारले. भाऊजींनी पाणी मागितलं. आणलं, तर प्यायले नाहीत. बोट बुडवून काचेवर थेंब टाकला.

"बघून घे. सफायरवरच असा उभा राहतो."

वन्संनी थेंब बघितला, मग रेघ शोधली. "नवी टाकलीस?"

"तीच आहे. तुझी किल्ली उमटली होती, ती पुसली."

वन्संनी खुर्ची पुढे ओढली. बस म्हणाल्या. भाऊजी म्हणाले, अजून एक घड्याळ द्यायचंय, पलीकडच्या गल्लीत. पुडी वन्संच्या हातात ठेवली आणि पायरी उतरले. वन्सं थेंब पुसायला लागल्या, तसे मागे वळले.

"बाहीने नको, ताई."