ओट्याकडे खिडकी नव्हती

आमच्याकडे चार नातेवाईक जमले की त्या सहलीचा विषय निघतो आणि "आईला गाडी लागली" म्हणून सगळे हसतात. माझं डोकं फिरतं. साफ खोटं आहे ते. आईला जन्मात कधी गाडी लागली नाही.

दादांचं, म्हणजे माझ्या वडिलांचं, नगरला ट्रकच्या बॉड्या बांधायचं वर्कशॉप होतं. बाहत्तरच्या दुष्काळाआधी त्यांनी लष्कराच्या लिलावात एक जुनी ॲम्ब्युलन्स उचलली आणि तिच्यात चक्क घर केलं. दोन बाकं, गाद्या, पाण्याची टाकी, मागे ओटा आणि स्टोव्ह. अख्खी गल्ली बघायला लोटली. बाकांजवळ ऐसपैस काचेच्या खिडक्या, ओट्याकडे मात्र सपाट पत्रा. "तिथं खिडकी ठेवली तर वाऱ्यानं स्टोव्ह विझतो," असं दादा ज्याला त्याला समजावून सांगत आणि लोक माना डोलवत. काय ती अक्कल.

आई खर्ड्याकडची. सह्याद्री तिनं कधी पाहिलाच नव्हता. राजूरला जायचं ठरलं तसं तिनं ठेवणीतलं लुगडं काढलं. आठ दिवस मला विचारत होती, "कळसूबाई रस्त्यावरून दिसती का गं?"

राहुरीपर्यंत ती बाकावर बसली, बस, तेवढीच. मग दादांच्या दोघा मित्रांना चहाची तलफ आली. संगमनेरला भज्यांची फर्माईश झाली. अकोल्याच्या पुढं घाट लागला, गाडी कण्हत कुंथत चढायला लागली. मित्रमंडळी काचेला नाक लावून "वा, काय देखावा" करत होती आणि आई एका हातानं कढई धरून, दुसऱ्यानं पत्र्याला रेटा देऊन उभी होती. मी म्हटलं, "आई, जरा इकडं येऊन बघ तरी." तर दादा पुढून म्हणाले, "तिला हलवू नकोस, तेल सांडेल." मी पंधरा वर्षांची होते. गप्प बसले. त्याचाही राग अजून गेलेला नाही.

राजूर निवांत गाव. पण आम्ही पोचलो तोवर डोंगर ढगात गेले होते, आणि आईला भाकऱ्या थापायच्या होत्या.

सकाळी लख्ख उघडलं. दादा म्हणाले, "चला, परत निघू. पोहे गाडीतच टाक." आईनं पदराला हात पुसले, माझं मनगट धरलं आणि सरळ एसटीच्या थांब्यावर गेली. मागे वळूनही पाहिलं नाही.

एसटीत तिला खिडकी मिळाली. दोन्ही हातांनी गज धरून बसली. घाट उतरेपर्यंत नजर डोंगरांवरच. संगमनेरला गाडी बदलताना एवढंच म्हणाली, "केवढे हायेत गं."

घरी पोचलो तर दादांनी शेजारपाजाऱ्यांना सांगूनही टाकलं होतं, "हिला गाडी लागते, म्हणून एसटीनं पाठवली." गाडी लागणारी बाई एसटीनं येईल होय? पण हे कुणी विचारलं नाही.

आई उंबऱ्यातच थांबली. "मला काय बी झालं नव्हतं," ती सगळ्यांदेखत म्हणाली. "मला डोंगर बघायचा व्हता."

लोक हसले. दादाही हसले.

पुढच्या आठवड्यात त्यांनी मुकाट्यानं ओट्याजवळचा पत्रा कापून हातभर खिडकी बसवली. पण गाडीचं इंजिन बसलं ते बसलंच. ती वर्कशॉपच्या आवारात कायमची उभी राहिली, आणि आईच्या खिडकीतून मागची भिंत दिसायची.