गच्चीवरचं फडकं

"एक दिवस डबा गेला नाही तर म्हातारा मरत नाही!" हिलाल दारात आडवा उभा राहून ओरडत होता. "वर डोंगरावर ढग बघ. मागच्या वेळी तिकडेच अडकलीस. इकडे आम्ही काय खाल्लं, विचारलंस कधी?"

"काय खाल्लंत?" नस्राने विचारलं. डबा तिच्या हातातच होता.

"खजूर! सकाळी खजूर, रात्री खजूर."

"मी रोट्या केल्या होत्या," मी चुलीजवळून म्हणाले. "भाऊजींना माझ्या हातच्या जाड लागतात."

"जाड? छपराला घालता येतील तुझ्या रोट्या," सासूबाई म्हणाल्या. मग नस्राकडे वळल्या. "तुझे भाऊ मस्कतला मजेत, आणि दोन घरं तू ओढायचीस. बापाला इकडे ये म्हणून किती विनवलं! म्हणे, जावयाच्या घरी कॉफी पिईन, मुक्काम करणार नाही."

नस्रा माझी मोठी जाऊ, हिलालची बायको. तिचं माहेर समोरच आहे, मध्ये फक्त वादी, म्हणजे कोरड्या नदीचं पात्र. वर्षातले बहुतेक दिवस तिच्यात नुसते गोटे आणि शेळ्या. पण वरच्या डोंगरात पाऊस झाला, की इथे लख्ख ऊन असतानाच तिला पूर येतो आणि दोन्ही काठ एकमेकांपासून तुटतात. नस्राची आई गेल्यापासून ती रोज त्या गोट्यांवरून डबा घेऊन जाते. आधी आमचा स्वयंपाक, मग तो डबा, मग बापाच्या शेळ्या, मग परत आमची भांडी. चपलांचे अंगठे तुटतात, ती तारेने बांधते. तक्रार करायलाही ताकद लागते, ती तिच्यात मी कधी पाहिली नाही.

तिकडची बाकीची घरं रिकामी झालीत, लोक रस्त्याकडे राहायला गेले. मुलांनी दिलेला मोबाईल नस्राच्या वडिलांनी, सुलयिमबाबांनी, चाऱ्यात हरवला. म्हणून बापलेकीत एक ठरलेलं होतं. पहाटेची नमाज झाली की त्यांनी डोक्याचं पांढरं फडकं गच्चीवरच्या खांबाला बांधायचं, रात्री झोपताना सोडायचं. फडकं दिसलं म्हणजे बाबा ठीक आहेत.

"ते बघ फडकं," हिलाल म्हणाला. "मग कशाला मरायला जातेस?"

नस्राने पाहिलं. डबा खाली ठेवला. दुपारपर्यंत वादी भरून आली, तांबडी, बाभळी उपटून आणणारी.

दुसऱ्या दिवशीही पाणी होतं. नस्रा पीठ मळताना दारातून बघायची. फडकं होतं. "घोड्यासारखा आहे तुझा बाप," सासूबाई म्हणाल्या. नस्रा थोडी हसली, आणि त्या रात्री बऱ्याच दिवसांनी लवकर झोपली.

तिसऱ्या दिवशी पाणी घोट्यापर्यंत उतरलं तशा आम्ही दोघी निघालो. सुलयिमबाबा कॉफीच्या शेगडीजवळ जमिनीवर पडले होते. कंबर हलत नव्हती. पाण्याचा माठ हातभर लांब. ओठ फुटलेले. नस्राने ओल्या कपड्याने त्यांचं तोंड पुसलं, थेंब थेंब पाणी पाजलं.

"केव्हा पडलात?"

"पाणी आलं तेव्हा. आवाज ऐकून उठायला गेलो."

मी गच्चीवर गेले. फडकं खांबाला तारेने आवळलं होतं. उन्हाने विटून त्याच्या कडा झिरझिरीत झालेल्या. खाली येऊन मी ते सांगितलं.

"कधीपासून, बाबा?" नस्राने विचारलं.

"गेल्या उन्हाळ्यापासून." म्हातारा भिंतीकडे बघत होता. "फडकं नाही दिसलं तर तू पाण्यात घुसशील. तुझी आई असती तर तीही घुसली असती. मूर्ख बायका."

मला त्यांच्याजवळ बसवून नस्रा एकटीच आमच्या घरी परत गेली. अंथरूण गुंडाळलं, पिठाचं एक पातेलं उचललं. ते सगळं मला सासूबाईंनी नंतर सांगितलं.

"आता हे काय?" हिलालने विचारलं होतं.

"तिकडे राहायला जातेय. बाबा असेपर्यंत."

"आणि इथलं?"

"रोज ओलांडणं माझ्याने होत नाही आता. रोट्या माझी जाऊ करेल. जाड लागल्या तर स्वतः लाटा."