भागाबाईची घोडेस्वारीण

चोपड्याच्या कुंभारवाड्यातली भागाबाई जन्मभर घोडे करत आली, पण घोड्यावर कधी बसली नाही. बसणार तरी कशी? घोडा एक तर नवरदेवाचा, नाहीतर देवाचा. चाकाला बाईने हात लावायचा नाही हा घरचा दंडक, म्हणून नवरा झुलाल चाकावर माठ-घागरी घडवी आणि नवसाचे घोडे हातांनी वळायचं काम भागाबाईकडे. सातपुड्याच्या पायथ्याचे लोक नवस फेडायला ते घेऊन जात.

सत्तावन्न साली मास्तरांच्या कुंदाबाई माठ घ्यायला आल्या, त्या एक मासिक घेऊनच. त्यातलं चित्र त्यांनी दाखवलं. चीन देशातल्या कुणा कुंभाराने हजार-बाराशे वर्षांपूर्वी मातीची बाई केली होती, आणि ती चक्क घोड्यावर बसली होती, ताठ. भागाबाईला त्या दिवशी भाकरी गोड लागली नाही. अशी एक आपल्या हातून व्हायलाच हवी, असं तिच्या मनाने घेतलं.

झुलालने कपाळाला हात लावला. भाजताना आव्याच्या भट्टीत बाई फुटली तर शेजारचे घोडेही फुटायचे, आणि फुटका घोडा देवाला कोण वाहील? तरी कुरकुरत त्याने कडेची जागा दिली. भागाबाईने नऊवारी नेसलेली बाई घोड्यावर बसवली, कडेवर लेकरू दिलं, डोक्यावर घागर दिली. आवा उघडला तर मान मोडून घागर, लेकरू सगळं राखेत. पुढच्या खेपेला घागर धाकटी केली, तरी तेच. भागाबाई रडकुंडीला आली.

झुलालला आधी हसूच आलं, पण तिचा चेहरा पाहून तो वरमला. आता शेवटचं एकदाच जागा देईन, म्हणाला. मग घागरीचा तुकडा हातात फिरवत हळूच बोलला, "आते घोडावर तरी तिले सुखे बठू दे."

भागाबाई त्याच्याकडे बघतच राहिली. रिकाम्या हातांची बाई आपल्याला सुचलीच नाही, याचं तिचं तिलाच नवल वाटलं. या वेळी तिने बाईच्या हाती फक्त लगाम दिला. आवा निवेपर्यंत तिचा जीव थाऱ्यावर नव्हता. राख सारली तर बाई धडधाकट, तांबूस, ताठ. भागाबाई एकटीच हसत बसली.

बाजारच्या दिवशी तिने ती घोड्यांच्या पुढे मांडली. शेतावरची सुंदरबाई डोक्यावरचं गाठोडं सावरत थांबली.

"हाई कोठे चालनी?"

"कोठेच नही," भागाबाई म्हणाली. "नुसती फिराले निंघनी."

नुसतीच का, असं सुंदरबाईने पुन्हा विचारून घेतलं. मग गाठोडं खाली टाकून ती तिथेच फतकल मारून बसली आणि पदर तोंडाला लावून हसत सुटली.

"माले बी एक अशीच करी दे," ती म्हणाली.