थंडीत कूलरचे शब्द

नेरहून यवतमाळला येताना बसमध्ये शेजारी पन्नाशीचा एक माणूस होता. कडाक्याच्या थंडीत, कानाला मफलर गुंडाळून, तो वहीत कूलर दुरुस्तीचे शब्द लिहीत होता.

"कूलर बिघडला तं तुम्ही मोबाईलवर काय लिहून शोधता?" त्याने विचारलं. माझं उत्तरही उतरवून घेतलं.

तो दुकानांच्या इंटरनेटवरच्या जाहिराती करायचा; लोक जे शब्द लिहून शोधतात, त्यांवरच त्या दिसतात. "लोक मे महिन्यात शोधतीन, पण शब्द आताच जमवा लागते. दिवाळीचे भर पावसाळ्यात," तो डोळे चोळत म्हणाला.

"मग घरचे सण?"

"बायको करते. काल तिनं तिळगूळ हाती देल्ला, तं मी इचारलं, हे कायले?"

तो हसला नाही. वही मिटून त्याने खिडकीला डोकं टेकवलं आणि लगेच झोपला. यवतमाळ आलं तेव्हा त्याला उठवायला माझा हात धजेना.