पाच नंबरचं ब्रेक ऑइल

आमच्या घरात इंग्रजी शाळेत गेलेली मी एकटीच, त्यामुळे घरातली प्रत्येक बाटली आधी माझ्याकडे येते. फवारणीचं औषध, डोकेदुखीचा बाम, काहीही. 'मला माहीत नाही' असं मी कधीच म्हटलेलं नाही. (म्हणायला तोंड उघडावं लागतं. त्यापेक्षा मान हलवणं सोपं!)

चुलतभावाच्या, सुशांतदादाच्या लग्नासाठी आबांनी, म्हणजे आजोबांनी, आपली जुनी मोटार बाहेर काढली. ती माझ्या बाबांहूनही वयानं मोठी. "नातू ह्याच गाडीतनं मांडवात जाणार," असं त्यांनी साऱ्या इंदापूरला सांगून ठेवलं होतं. फक्त ब्रेक ऑइल कमी झालं होतं.

"पूर्वी एरंडेलाचं यायचं," आबा म्हणाले. "आता काय घालत्यात ते बघ की तुझ्या मोबाईलात."

मोबाईलात तीन, चार आणि पाच नंबर असे प्रकार दिसले. तिसरीपेक्षा चौथी मोठी, चौथीपेक्षा पाचवी. मी पाच नंबर मागवलं. सगळ्यांत महागही तेच होतं, मग तर शंकाच मिटली!

"चांगलं हाय का?" आबांनी विचारलं.

मी मान हलवली.

"बघा! शिकलेलं माणूस घरात असलं की मिस्त्री लागत न्हाय." आणि आत जुनं ऑइल होतं, त्यातच त्यांनी नवं ओतलं.

लग्नादिवशी नवरदेव मारुतीच्या पाया पडून वाजतगाजत मांडवाकडे निघाला. पुढे बँड, मागे आमची गाडी. चालवायला आबा, मागच्या सीटवर दादा आणि हातात कलश घेतलेली करवली, म्हणजे मी. वेग इतका की एक म्हातारी आम्हाला मागे टाकून गेली. मांडवाच्या अलीकडे उतार लागला.

"आयला, पॅडल पार तळाला गेलं!"

"म्हणजे?" दादा.

"म्हंजे ब्रेक लागंना!"

"आबा, हँडब्रेक," मी म्हणाले. माझ्या नेहमीच्या आवाजात. त्यामुळे ते फक्त कलशातल्या नारळाला ऐकू गेलं. (हँडब्रेक कित्येक वर्षं पिशवी अडकवण्यापुरताच उरला होता, हे नंतर कळलं.)

आबांनी हॉर्न दाबून धरला. बँडवाल्यांना वाटलं, जोर कमी पडतोय. त्यांनी आणखी जोरात वाजवलं! बंपर पाठीला टेकला तेव्हा कुठं ढोल एकीकडे आणि ढोलवाला दुसरीकडे झाला.

मांडवाच्या दारात नवरीची आई ओवाळायचं ताट घेऊन उभी होती. आम्ही त्यांच्यासमोरून गेलो. दादानं खिडकीतून नमस्कार केला. मीही कलश जरा वर केला.

"अवो, नवरदेव चालला की!"

"आरं धरा त्याला! मुहूर्ताला दहा मिनटं राह्यल्यात!"

चार पाहुणे गाडीमागे धावत सुटले. पण त्यांची गरज पडली नाही. गाडी रस्ता सोडून उसात शिरली आणि थांबली.

फेट्यात पाचट अडकलेल्या अवस्थेत दादा पळत मांडवात पोचला. मुहूर्त गाठला. अंतरपाट दूर झाल्यावर नवरी त्याला पहिलं वाक्य बोलली, "निघाला होतात कुठं?"

दुसऱ्या दिवशी लक्ष्मण मिस्त्रीनं झाकण उघडून आत पाहिलं. "आबा, पाच नंबर जुन्या ऑइलात मिसळत न्हाय. असल्या गाडीला तीन न्हायतर चार. आन हितं बाटलीवर बारीक अक्षरात लिवलंय की!" सातवी शिकलेल्या मिस्त्रीनं ती इंग्रजी ओळ बोट फिरवत वाचून दाखवली.

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली.

बाटल्या अजूनही माझ्याकडेच येतात. मी वाचते, मान हलवते. मग आबा ती बाटली घेऊन गॅरेजात जातात. परवा माझं खोकल्याचं औषधसुद्धा, मिस्त्रीनं "पाजा, काय होत न्हाय" म्हटल्यावरच मला मिळालं!