समोरच्या ब्लॉकमागचा चंद्र

इथे परदेशात, टॅम्पिनीसच्या आमच्या फ्लॅटमध्ये देवघर होतं ते बॉम्ब शेल्टरमध्ये. इथल्या सरकारी फ्लॅटमध्ये, हल्ला झालाच तर आसरा म्हणून, जाड लोखंडी दाराची एवढीशी खोली असते. लोक तिच्यात सुटकेसा आणि जुने पंखे कोंबतात, मी गणपती मांडला. दार लावलं की बाहेरचं काही ऐकू येत नाही. माझी भक्ती तिथेच फोफावली.

आधी फक्त संकष्टी होती. मग सोमवार आला, गुरुवार आला, पाठोपाठ पोथ्या आल्या. उपवासाच्या दिवशी मी लेकीच्या खोलीत झोपायचे, सोवळं म्हणून. खरं सांगायचं तर नवऱ्याबद्दलची ओढ कधीतरी विरून गेली होती. भांडण नाही, तंटा नाही. ते त्याच्या तोंडावर सांगायची हिंमत नव्हती, म्हणून मी देवाला मध्ये बसवलं. नवऱ्याने कधी काही विचारलं नाही.

लेक दहावीच्या वयाची असतानाची एक संकष्टी. तिला लिटरेचरला व्हिक्टोरियन काळातल्या बायकांच्या कविता होत्या. आईने पुण्यात इंग्रजी घेऊन एम.ए. केलंय, हे तिला परीक्षेपुरतं आठवायचं. त्यातल्या एका कवितेतली बाई एका माणसाला परत पाठवते, पुढे झुरते आणि शेवटी सगळं प्रभूच्या पायाशी वाहते. मला चेवच चढला. मन उडालंय असं म्हणायची त्या बायकांना सोय नव्हती, म्हणून या प्रार्थना, असं मी ऐटीत समजावलं.

"मे बी शी रिअली लव्ह्ज गॉड, लाह," लेक इथल्या मुलांच्या ढंगात म्हणाली.

"असेलही. पण देवाचं नाव घेतलं की कुणी जाब विचारत नाही. आडोसा म्हणून देव फार सोयीचा."

बोलून गेले आणि कानशिलं तापली. नवरा तिथेच, जेवणाच्या टेबलाशी बसला होता. तो उपवास करत नसे, पण संकष्टीला माझ्याआधी कधी जेवलाही नाही.

"ज्याला तिने परत पाठवलं, त्याचं काय झालं?" त्याने विचारलं.

"त्याच्याबद्दल कवितेत काही नाही."

तो बरं म्हणाला आणि चपला घालून खाली गेला. समोरच्या ब्लॉकमुळे आमच्या खिडकीतून चंद्र दिसायचा नाही. दर संकष्टीला तो कार पार्कच्या कडेला जाऊन उभा राहायचा, दिसला की फोन करायचा. मग माझी आरती, मग आमची पानं. इतक्या वर्षांत मी एकदाही त्याच्याबरोबर खाली गेले नव्हते. तो खाली असायचा तेवढा वेळ मला पोथीला निवांत मिळायचा.

त्या दिवशी पोथी उघडवेना. लाजेने जीव अर्धा झाला होता. मी लिफ्टने खाली गेले. आभाळ भरलेलं होतं. तो मान वर करून उभा होता, भुकेला. मी जवळ गेले.

मला बघून तो दचकला. मग म्हणाला, "तू कशाला आलीस? पोथी राहिली असेल तुझी. जा वर, दिसला की कळवतो."

आवाजात टोमणा नव्हता. असता तर मी भांडले तरी असते. मी मान खाली घातली आणि लिफ्टकडे वळले.